सोहोतली १८७१ सालची पातिसरी : मेझाँ बेर्तो

गुलबक्षी

"लंडनमध्ये दोन दिवस मोकळे आहेत, टॉवर ब्रिज आणि मादाम तुसाँ सोडून काय बघू?" हा प्रश्न इथे दर उन्हाळ्यात येतो आणि दरवेळी त्याच उत्तरांची देवाणघेवाण होते. म्हणून एकाच जागेबद्दल सविस्तर लिहितेय. बघण्यासारखी आहेच, पण मुख्यतः बसण्यासारखी आहे.

सोहोमध्ये २८, ग्रीक स्ट्रीट. लेस्टर स्क्वेअर स्टेशनातून बाहेर पडून चेरिंग क्रॉस रोडने वर चालत गेलात की केंब्रिज सर्कस लागतं. समोर पॅलेस थिएटरची लाल विटांची भलीमोठी इमारत. तिच्या मागच्या अंगाला गेलात की ग्रीक स्ट्रीट. कोपऱ्यावर 'कोच अँड हॉर्सेस' पब आणि त्याला खेटून निळ्या-पांढऱ्या रंगातलं अरुंद दुकान, ते मेझाँ बेर्तो. मालक मंडळी आणि वर्तमानपत्रं त्याला लंडनमधली सगळ्यात जुनी पातिसरी (फ्रेंच केक-पेस्ट्रीचं दुकान) म्हणतात. स्थापना १८७१.

साल लक्षात ठेवा, कारण दुकानाचं मूळ त्यात आहे. प्रशियाकडून हरल्यावर पॅरिसच्या कामगार वस्त्यांनी मार्च १८७१मध्ये शहर ताब्यात घेतलं आणि स्वतःचं सरकार उभं केलं, ते पॅरिस कम्यून. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात फ्रेंच सैन्याने ते अक्षरशः चिरडलं. रस्त्यारस्त्यांवर लोकांना उभं करून गोळ्या घातल्या. जे निसटले त्यातले बरेच लंडनला आले, आणि असं सांगतात की बेर्तो हा त्यांच्यातलाच एक. बंडखोर येतो आणि परक्या शहरात लोणी-पिठाचं दुकान टाकतो, हे मला आजही फार आवडतं.

आता दुकान. तळमजल्यावर काचेमागे माल मांडलेला. स्ट्रॉबेरीचे उभे काप भिंतीसारखे लावलेला फ्रेझिए, फळांचे टार्ट, चॉकलेटची झिलई दिलेले एक्लेअर, बदामाचे क्रोसाँ, चेस्टनटच्या लगद्याचा माँ ब्लाँ, मरँग, आणि पापुद्रे व क्रीम एकावर एक रचलेला मिल-फय. सगळं थोडं ओबडधोबड. एका टार्टवर रासबेरी जास्त, शेजारच्यावर कमी. हल्लीच्या दुकानांत प्रत्येक केक साच्यातून काढल्यासारखा दिसतो, तसं इथे नाही आणि मला वाटतं तसं व्हावं अशी कुणाची इच्छाही नाही. काचेसमोर उभं राहून बोट दाखवायचं, चहा की कॉफी ते सांगायचं आणि जागा पकडायची. वर जायला अरुंद जिना आहे. वरच्या खोलीत एकमेकांशी नातं नसलेली टेबलं-खुर्च्या, भिंतींवर चित्रं. इथे चित्रांची प्रदर्शनंही भरतात.

सध्याच्या मालकीणबाई शाळकरी वयात, फक्त शनिवारी काम करणारी पोरगी म्हणून इथे लागल्या आणि १९८८मध्ये दुकानच घेतलं. त्या अभिनयाचं शिक्षण घेतलेल्या आहेत, आणि ते कळतं. १४ जुलैला, बास्तीयच्या दिवशी (फ्रान्सचा राष्ट्रीय सण), इथे फ्रेंच क्रांतीवरचे जिवंत देखावे करतात! हो, चक्क आपल्या गणपतीत असतात तसे. भर सोहोत, फुटपाथवर.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे नंतर भांडणं नकोत. पॅरिसमधल्या पातिसरीची अपेक्षा ठेवून जाऊ नका. इथे स्कोन, जॅम आणि क्लॉटेड क्रीमही मिळतं, चहा किटलीत येतो. दीडशे वर्षं लंडनमध्ये काढल्यावर फ्रेंचपणाला जे काही होतं ते इथे खायला मिळतं. आणि मला तेच हवं असतं.

जायची वेळ: सकाळी, सोहो अजून जांभया देत असतं तेव्हा. फळवाल्या गल्लीसारखी गजबज दुपारनंतर. शनिवारी संध्याकाळी नाटकाच्या आधी गेलात तर जागा मिळणार नाही आणि मग मला बोल लावाल.

---

सदाशिवपेठी

फोटो कुठेत? खाण्याच्या धाग्यावर फोटो नाही म्हणजे पाप आहे. दुपारी १ ते ४ मध्ये टाकले तरी चालतील, मी जागा राहीन.

---

टेम्सकाठचा

मस्त लिहिलंयस, गुलबक्षी. थोडी भर घालतो, कारण हा भाग माझ्या ऑफिसपासून चालत आहे आणि मी जेवणाच्या सुट्टीत जेवतो कमी, भटकतो जास्त.

कम्यूनवाले लंडनलाच का आले? कारण त्या वेळी ब्रिटनमध्ये परदेशी माणसाला आत येण्यापासून अडवणारा कायदाच नव्हता. तसा कायदा १९०५ साली आला. त्याआधी बोटीचं भाडं असलं की झालं. फ्रेंच सरकार या लोकांना परत मागत होतं, ब्रिटिशांनी दिले नाहीत. प्रेमापोटी नव्हे, राजकीय गुन्हेगार परत करायचे नाहीत अशी त्यांची जुनी रीत. पण सरकारने मदतही काही केली नाही. त्यामुळे खायचे वांधे. शिंपी, मोची, चित्रकार, घड्याळवाले, सगळे सोहो आणि त्याच्या वरच्या फिट्झरोव्हियात एकेका खोलीत कोंबलेले. त्यांनी आपसात सहकारी खानावळही काढली होती. १८८०मध्ये फ्रान्सने सर्वांना माफी दिली आणि बहुतेक परत गेले. जे राहिले त्यांचं राहिलं ते दुकानांच्या रूपात.

आणि सोहो फ्रेंच झालं ते काही १८७१मध्ये नाही. १६८५मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना दिलेलं संरक्षण काढून घेतलं, तेव्हा ह्युगेनो, म्हणजे हेच फ्रेंच प्रोटेस्टंट, लोंढ्याने इथे आले. ग्रीक स्ट्रीटचं नाव ज्या ग्रीक चर्चवरून पडलं, ती इमारतही पुढे ह्युगेनोंकडे गेली. आजही सोहो स्क्वेअरच्या कडेला फ्रेंच प्रोटेस्टंट चर्च आहे, १८९३चं. म्हणजे बेर्तो आला तेव्हा गल्लीत फ्रेंच बोलणारं शेजार जवळजवळ दोनशे वर्षांचं होतं.

बेर्तोत बसून झालं की ही चक्कर मारा. डीन स्ट्रीट २८ : कार्ल मार्क्स इथे १८५१ ते १८५६ वरच्या दोन खोल्यांत राहिला, तीही कर्जबाजारी अवस्थेत. खाली आता महागडं रेस्टॉरंट आहे, यावर काय बोलणार. (त्याची मोठी मुलगी जेनी हिने १८७२मध्ये शार्ल लाँगेशी लग्न केलं. हा लाँगे कम्यूनमधला आणि लंडनला आलेला निर्वासित. सासऱ्याशी गप्पांना विषय कमी पडले नसणार.) फ्रिथ स्ट्रीट २० : लहानगा मोत्सार्ट १७६४-६५मध्ये इथे होता. त्याच रस्त्यावर २२ नंबरला बार इटालिया, कॉफीसाठी, आणि त्याच्या वरच्या खोलीत जॉन लोगी बेअर्डने २६ जानेवारी १९२६ला दूरचित्रवाणी पहिल्यांदा लोकांना दाखवली. तारीख आपल्याला विसरता येणार नाही अशी. मग ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीटवर अल्जेरियन कॉफी स्टोअर्स, १८८७चं, घरी न्यायला कॉफी तिथून. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांच्या पायी अंतरात आहे.

---

खमंग_काकू

गुलबक्षी, छान ओळख करून दिलीस. मुलीकडे येतोय आम्ही जूनमध्ये, पण सोबत सासूबाई आहेत. वय ८१, चहाबाज, गोड खाणाऱ्या, अंडं मात्र अजिबात नाही. अशा ठिकाणी त्यांना काय देता येईल? की नुसतं बसवून ठेवायचं आणि आपण त्यांच्यासमोर खायचं? ते काही मला जमणार नाही.

---

गुलबक्षी

काकू, खरं सांगायचं तर फ्रेंच पातिसरीचा डोलारा अंड्यावर उभा आहे. एक्लेअरचं पीठ अंड्याशिवाय फुगतच नाही, मरँग म्हणजे निव्वळ पांढरं आणि साखर, आतलं पिवळं क्रीम पिवळ्या बलकाचं. फळांच्या टार्टमध्ये फळाखाली तेच क्रीम असतं, त्यामुळे "वरची फळं तेवढी खा" हाही उपाय नाही. शिवाय मूसवाल्या प्रकारांत जिलेटीन असू शकतं, ते तर अंड्याच्याही पुढचं.

वाचतो तो पामिए. लोणी घातलेल्या पापुद्र्याच्या पिठाला साखर लावून दोन्ही बाजूंनी गुंडाळतात, कापतात आणि भाजतात. आपल्याकडच्या काही बेकऱ्यांत 'फ्रेंच हार्ट' म्हणून मिळतात तेच. पिठात अंडं नसतं. कुठल्याही दुकानात असाल तरी वरून अंड्याचा हात फिरवलाय का आणि त्या दिवशी पामिए केलेत का, हे विचारून घ्या. लंडनमध्ये ॲलर्जीबद्दल विचारलं की कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. आणि चहा तर आहेच. आजींना खाली दाराजवळ किंवा बाहेरच्या टेबलावर बसवा, येणारे-जाणारे बघण्यात त्यांचा वेळ मजेत जाईल. सोहोत बघण्यासारखे लोक बरेच असतात :)

---

लाटणं

मिल-फयचा उल्लेख झाला म्हणून लिहिते. मी पुण्यात घरून बेकिंगच्या ऑर्डरी घेते आणि या एका पदार्थाने मला रडवलं आहे.

तंत्र ऐकायला सोपं. मैदा-पाण्याचं घट्ट पीठ, त्याच्या मधोमध लोण्याची सपाट वडी, पीठ तिच्यावर दुमडून पाकीट करायचं. लाटायचं, तीन घड्या घालायच्या, फ्रिजमध्ये ठेवायचं. असं सहा वेळा. दरवेळी थर तिप्पट होतात, म्हणजे सहाव्या घडीनंतर लोण्याचे ७२९ थर. भट्टीत गेलं की पिठातल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ होते (लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं), ती वाफ प्रत्येक थर वर उचलते, आणि वितळलेलं लोणी थरांना एकमेकांना चिकटू देत नाही. यीस्ट नाही, सोडा नाही. फुगवते ती निव्वळ वाफ.

ग्यानबाची मेख तापमानात. लोणी आणि पीठ सारखंच मऊ हवं. लोणी कडक असेल तर लाटताना त्याचे तुकडे पडतात आणि पीठ फाटतं. मऊ पडलं तर ते पिठात मुरतं आणि थर संपले, मग भाजून येते ती जाड बिस्किटासारखी वस्तू. ३२-३५ अंशांना लोणी वितळतं आणि पुण्यात मे महिन्यात माझं स्वयंपाकघरच तेवढं तापलेलं असतं. म्हणून उन्हाळ्यात मी पहाटे लाटते, ओटा बर्फाच्या ट्रेने गार करून घेते आणि दोन घड्यांच्या वर एका बैठकीत जात नाही.

आपली खारी म्हणजे हेच तंत्र, फक्त तिच्यात बहुतेक ठिकाणी वनस्पती तूप किंवा मार्गारीन असतं. ते जास्त तापमानापर्यंत घट्ट राहतं, त्यामुळे बेकरीवाला भर दुपारी पंख्याखाली शंभर माणसांची खारी लाटू शकतो. किंमत जिभेला मोजावी लागते, टाळूला तो मेणचट थर राहतो. लोण्याच्या पापुद्र्याला तो नसतो. कॅम्पातून आणलेली खारी चहात बुडवून खाण्यात मात्र जे सुख आहे ते मिल-फयला नाही, हेही लिहून ठेवते.

मधल्या क्रीमबद्दल एक. दूध, बलक, साखर, कॉर्नफ्लोअर. दाट झालं की नवशिके लगेच गॅस बंद करतात. करू नका. उकळी फुटल्यावर आणखी एक-दोन मिनिटं घोटत राहायचं. बलकात स्टार्च मोडणारं एक विकर असतं, ते मेलं नाही तर रात्री मस्त घट्ट झालेलं क्रीम सकाळी पातळ होऊन बसतं. माझ्या क्लासमध्ये सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असतो.

आणि गुलबक्षी म्हणते तसं सकाळीच जा. क्रीम भरल्यापासून पापुद्रा ओल धरायला लागतो. दुपारी चारचा मिल-फय आणि सकाळी दहाचा मिल-फय ही दोन वेगळी माणसं आहेत.

---

सदाशिवपेठी

हे खायचं कसं ते सांगा ना कुणीतरी. वरून काटा दाबला की क्रीम दोन्ही बाजूंनी शेजारच्या टेबलावर जातं.

---

लाटणं

आडवा पाडायचा. सरळ कुशीवर निजवायचा आणि मग थरांच्या रेषेवरून सुरीने कापायचा. मस्त तुकडे पडतात. लाज वाटू देऊ नका.

---

सेनकाठचा

लंडनवाल्यांनी १८७१ला "सगळ्यात जुनी" म्हटलेलं वाचून पॅरिसवाल्याला गप्प बसवेना. ह. घ्या.

आमच्याकडे ५१, रु माँतोर्गेयवर 'स्तोरेर' आहे. १७३०. शनिवारवाडा त्याच साली बांधायला घेतला, एवढं सांगितलं की पुणेकरांना काळाचा अंदाज येईल.

गोष्ट अशी. पोलंडचा राजा स्तानिस्लास गादी गमावून आल्सासमधल्या व्हिसेंबूरमध्ये आश्रयाला राहत होता. निकोला स्तोरेर त्याच्या मुदपाकखान्यात शिकला. १७२५मध्ये या बिनगादीच्या राजाची मुलगी मारी हिचं लग्न थेट पंधराव्या लुईशी लागलं आणि ती व्हर्सायला निघाली, तेव्हा स्तोरेरही तिच्या लवाजम्यात होता. म्हणजे सासरी जाताना मुलीबरोबर आचारी पाठवला. पाच वर्षांनी त्याने पॅरिसमध्ये स्वतःचं दुकान काढलं. तेच हे.

बाबा ओ रम याच घराण्याचा. सांगतात असं, की राजेसाहेबांना केक कोरडा लागला म्हणून तो दारूत भिजवायची कल्पना निघाली. आधी मालागाची गोड वाइन असायची, रम बरीच नंतर आली. यीस्टचं, अंडी-लोणी घातलेलं पीठ भाजून मुद्दाम सुकवतात म्हणजे पाक नीट शोषला जातो. दाबलं की रस बाहेर येतो, सोडलं की परत आत. दारू न घेणाऱ्यांनी लांबच राहावं, रमचा नुसता वास नसतो, रम असते. दुसरा खास प्रकार प्वी दामूर. पापुद्र्याच्या वाटीत क्रीम आणि त्यावर तापवलेल्या लोखंडाने साखर जाळून केलेली काच. टिचकी मारून फोडायची.

दुकानात शिरल्यावर वर बघा. भिंतींवरची चित्रं १८६४ची, ती पॉल बोद्रीची म्हणून ओळखली जातात. हा पुढे गार्निए ऑपेराचा दिवाणखाना रंगवणारा माणूस. बायका हातात केक आणि तबकं घेऊन उभ्या आहेत. सजावट सरकारी संरक्षित यादीत आहे. एप्रिल २००४मध्ये राणी एलिझाबेथ फ्रान्सच्या दौऱ्यावर आली होती, तेव्हा ती इथेही डोकावून गेली. म्हणजे लंडनकरांची मोहोर आमच्याच दुकानावर आहे, गुलबक्षीबाई.

पण तुझ्या दुकानाचा एक मुद्दा मी बिनशर्त मान्य करतो. स्तोरेरमध्ये बसायला जागा नाही. घ्या आणि निघा. मी पाहुण्यांना डबा हातात देऊन रस्त्याच्या खालच्या टोकाला, साँत-उस्ताश चर्चसमोरच्या बागेत नेतो. १९६९पर्यंत तिथे शहराचा घाऊक बाजार भरायचा, आता गवत आहे आणि कबुतरं आहेत. कबुतरांना बाबा देऊ नये.

जाता जाता: चित्रकार मोनेने ही गल्ली रंगवली आहे, झेंड्यांनी गच्च भरलेली. ओर्से संग्रहालयात आहे. सगळे गाइड ते १४ जुलैचं चित्र म्हणून दाखवतात. ते ३० जून १८७८चं आहे, त्या वर्षीच्या जागतिक प्रदर्शनाच्या उत्सवाचं. १४ जुलै हा राष्ट्रीय सण ठरलाच मुळी १८८०मध्ये.

---

टेम्सकाठचा

१८८०, म्हणजे कम्यूनवाल्यांना माफी मिळाली तेच वर्ष. जुलैमध्येच. सणाच्या तोंडावर माफी दिली. हा दुवा मी आधी जोडला नव्हता, सेनकाठच्या, धन्यवाद. आणि कबुतरांबद्दल +१.

---

उलटतपासणी

सगळे भारावलेत म्हणून थोडं खारट पाणी टाकतो. जुनं आहे म्हणून डोक्यावर घ्यायचं का? केकची परीक्षा केकने द्यावी, इमारतीच्या वयाने नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पॅरिसमध्ये पातिसरीने जी झेप घेतली आहे (पिएर एर्मेचे माकारों घ्या, सेद्रिक ग्रोलेची हुबेहूब लिंबासारखी दिसणारी लिंबाची गोड डिश घ्या), ती साखर कमी करून, चवी मोजून-मापून, प्रयोगशाळेत करावी तशी केलेली आहे. त्यापुढे फेटलेलं क्रीम आणि स्ट्रॉबेरी म्हणजे आपल्या लहानपणीचा वाढदिवसाचा केक. डगमगत्या खुर्चीला आपण 'वातावरण' म्हणतो, कारण आपण पर्यटक असतो. हेच आपल्या गावात असलं तर मालकाला नावं ठेवू.

---

गुलबक्षी

उलटतपासणी, यातलं अर्धं मला मान्य आहे. कारागिरी तपासायची असेल तर पॅरिसच. ग्रोलेचं लिंबू मीही खाल्लंय, थक्क झाले, आणि पुन्हा खावंसं वाटलं नाही. एकदा जादू कळली की संपलं.

फेटलेलं क्रीम आणि स्ट्रॉबेरी हा मात्र आरोप होऊ शकत नाही. जूनमधली इंग्लिश स्ट्रॉबेरी, त्या दिवशीचं क्रीम आणि भाजल्याला तास-दोन तास झालेला पापुद्रा, यात लपवायला जागा कुठे आहे? एक गोष्ट शिळी असली की लगेच कळतं. पाच थरांच्या मूसमध्ये बरंच काही खपून जातं.

आणि इमारतीच्या वयाला मी मार्क देत नाहीये. एकच दुकान, एकाच जागी, सोहोसारख्या भाड्याच्या वणव्यात टिकलं याला देतेय. याच रस्त्यावरचं 'गे हुसार' हे हंगेरियन रेस्टॉरंट, जिथे खासदार आणि पत्रकार बसून सरकारं पाडायचे, ते २०१८मध्ये बंद झालं. बेर्तो उघडं आहे.

---

टेम्सकाठचा

याच मुद्द्यावर एक शेजाऱ्याची गोष्ट. १९२६मध्ये मादाम व्हॅलरी नावाच्या बेल्जियन बाईने फ्रिथ स्ट्रीटवर पातिसरी काढली. युद्धात बॉम्ब पडला, मग ती ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीटवर हलली. बेर्तोपासून दोन मिनिटं. दोन्ही दुकानं सोहोच्या चित्रकार-नटमंडळींची. पुढे व्हॅलरीचं नाव एका गुंतवणूकदाराकडे गेलं आणि जवळजवळ दोनशे शाखा झाल्या, मॉलमध्ये, हायवेच्या थांब्यांवर. ऑक्टोबर २०१८मध्ये हिशेबातला प्रचंड घोळ उघड झाला, जानेवारी २०१९मध्ये कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेली, कितीतरी शाखांना एका दिवसात टाळं. बेर्तोने शाखाच काढली नाही म्हणून ते वाचलं असं मी म्हणणार नाही, पण बुडायला दोनशे दुकानं तरी नव्हती.

---

कुतूहल

वाचनमात्र असते, पण आज राहवलं नाही. निर्वासित आला की त्याने खाण्याचं दुकान काढायचं हे सगळीकडेच दिसतं ना? मुंबईचे इराणी तसेच. याझ्द-केरमानकडून आलेली माणसं, भाषा येत नाही, हातात भांडवल जेमतेम. कोपऱ्यावरची जागा, बेंटवूडच्या खुर्च्या, ब्रून-मस्का आणि चहा. धोबीतलावचं कयानी १९०४चं.

---

टेम्सकाठचा

कुतूहल, आणि गंमत म्हणजे तेच इराणी हॉटेल आता बेर्तोपासून दहा मिनिटांवर आहे. अप्पर सेंट मार्टिन्स लेनवर 'डिशूम', २०१०मध्ये उघडलं. मुंबईच्या इराण्याची हुबेहूब नक्कल, खुर्च्या, घड्याळ, पाट्यांसकट. नाश्त्याला बन-मस्का मिळतो आणि गोरे लोक रांगा लावतात. एका बाजूला फ्रेंच माणसाने टाकलेलं खरं जुनं दुकान, दुसऱ्या बाजूला मुंबईच्या जुन्या दुकानाचं नवं नाटक. मला दोन्ही चालतात, पण रांगेत उभं राहायचं असेल तर माझं मत बेर्तोला, कारण तिथे सकाळी रांग नसते.

---

उलटतपासणी

गुलबक्षी, "पाच थरांच्या मूसमध्ये खपून जातं" हा मुद्दा घेतला. नोव्हेंबरमध्ये लंडनला येतोय कामासाठी. स्ट्रॉबेरीचा हंगाम नसेल. काय खायचं?

---

गुलबक्षी

माँ ब्लाँ. तो थंडीचाच. खाली मरँग, वर क्रीम, त्यावर चेस्टनटच्या लगद्याच्या शेवया. चेस्टनट शरद ऋतूत येतात, त्यामुळे नोव्हेंबरसारखा महिना नाही. पॅरिसला जाणार असशील तर रु द रिव्होलीवरच्या अँजेलिनाचाही खा, १९०३पासून आहे ते, एका ऑस्ट्रियन हलवायाने काढलेलं. तो इतका गोड असतो की दोघांत एक पुरतो. मग इथे येऊन निकाल दे, कडक दे.

---

नाशिकचे_आजोबा

नमस्कार मंडळी. धागा वाचून आनंद झाला. आम्ही दोघे सप्टेंबरात मुलाकडे येत आहोत. आंबेडकर हाउस बघायचे आहेच, ते नक्की. त्याच दिवशी हे जमेल काय? दुसरे म्हणजे माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे. अरुंद जिना म्हणता, तो कितपत?

---

गुलबक्षी

आजोबा, सहज जमेल. १०, किंग हेन्रीज रोड, म्हणजे डॉ. आंबेडकर १९२१-२२मध्ये शिकत असताना जिथे राहिले ते घर. महाराष्ट्र सरकारने ते २०१५मध्ये घेतलं. जवळचं स्टेशन चॉक फार्म, नॉर्दर्न लाइन. तिथून लेस्टर स्क्वेअरला गाडी न बदलता येता येतं. फक्त चेरिंग क्रॉसमार्गे जाणारी गाडी धरा, बँकमार्गे जाणारी नको, फलाटावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. घर आधी उघडं आहे का ते विचारून घ्या.

जिना चढू नका. जुन्या वाड्यातल्या जिन्याचा अनुभव असला तरी नको. खाली मोजकीच टेबलं आहेत, बाहेर फुटपाथवरही आहेत, सप्टेंबरात बाहेर बसायला छान वाटतं, शाल मात्र हवी. मुलाला पुढे पाठवून टेबल पकडायला लावा आणि तुम्ही काचेसमोर निवांत निवडा.

---

टेम्सकाठचा

आजोबा, आणि चॉक फार्मला लिफ्टच्या दारापर्यंत काही पायऱ्या आहेत का ते मुलाला आधी टीएफएलच्या (लंडनची वाहतूक संस्था) नकाशावर बघायला सांगा. गुडघ्याचं काम आहे. शक्य असेल तर येताना बस घ्या, वरच्या मजल्याच्या मोहात न पडता खालीच बसा. तारीख कळवलीत तर मी जेवणाच्या सुट्टीत येऊन जाईन, ऑफिस तिथेच आहे.

---

खमंग_काकू

आम्ही जूनमध्ये, आजोबा सप्टेंबरात, उलटतपासणी नोव्हेंबरमध्ये. टेम्सकाठच्या, तुझ्या ऑफिसात काम कोण करतं?

---

सदाशिवपेठी

आणि फोटो अजून आलेले नाहीत.